दत्तारामची खुंटी

तांदळाच्या पिंपात हात घातला आणि तुळसाच्या बोटांना पत्रा लागला. तिनं वाकून आत पाहिलं. आठ दिवसांचा तांदूळ होता, फारच ताणलं तर दहा. सत्तरीला टेकलेल्या बाईनं पिंपात डोकं घालायचं म्हणजे कमरेचे हाल. कळ दाबत ती उभी राहिली, मापानं तांदूळ सुपात घेतला आणि झाकण लावलं. सून शैला मोरीत भांडी घासत होती. तिला ती काही बोलली नाही. बोलून पिंपातला तांदूळ वाढणार नव्हता.

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तुळसाची खोली, आणि तिला लागूनच तांबळवाडीची गावकीची खोली. गावाहून मुंबईला नोकरीसाठी आलेल्या बाप्यांनी राहायचं गावकीच्या खोलीत आणि जेवायचं तुळसाच्या खानावळीत, असा शिरस्ता तिच्या सासूच्या काळापासूनचा. खोली ग्रामस्थ मंडळाची. आत सामान म्हणजे पत्र्याच्या पेट्या, वळकट्या आणि भिंतीला ठोकलेली लांबलचक सागवानी फळी. फळीला तीस खुंट्या. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हा एकेका वळकटीवर तिघं आळीपाळीनं झोपायचे, पण खुंटी मात्र ज्याची त्याची. वळकटी उसनी मिळेल, खुंटी नाही.

आणि त्या खुंट्यांवरच खानावळ चालायची. घरी जेवणारा माणूस सदरा खुंटीला लावून गंजीफ्रॉकावर बसायचा. बाहेर गेलेल्याची खुंटी रिकामी असायची. घरात असूनही ज्याला जेवायचं नसेल, तो सदरा काढून पेटीत ठेवायचा. तुळसा सकाळी दहाला दारातून डोकावायची, सदरे मोजायची आणि तेवढी पानं वाढायची. कुणी कुणाला विचारत नसे, कुणी सांगत नसे. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं तिला एवढंच शिकवलं होतं, की माणसाकडे बघू नये, खुंटीकडे बघावं. बघितलं की माणूस लाजतो.

आता खोलीत नऊ जण उरले होते. कुणी वॉचमन, कुणी कुरियरवाला, एक मॉलमध्ये लिफ्ट चालवणारा. मार्चअखेर सगळ्यांची कामं बंद पडली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांना खोकला झाला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कपड्यातली माणसं येऊन त्यांना गाडीत घालून घेऊन गेली आणि त्यानंतर अप्पांचा फक्त फोन आला, तोही दुसऱ्याच कुणीतरी केलेला. चाळीच्या दोन्ही जिन्यांना बांबू बांधले गेले. पहिले दोन आठवडे खालून खिचडीची पाकिटं येत होती. मग ती बंद झाली. का, ते विचारायला कुणाकडे जायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

रस्ता असा गप्प झाला होता की तुळसाला तो आवाज, म्हणजे तो नसलेला आवाज, ओळखीचा वाटला. गिरण्यांच्या संपात भोंगे बंद झाले तेव्हा असंच झालं होतं. तेव्हाही पहाटे तिला जाग यायची, भोंग्याची वाट पाहत ती पडून राहायची. आताही ती तशीच पडून राहत होती. फरक एवढाच, की आता तिला कधीकधी भोंगा ऐकू यायचा.

त्या दिवशी सकाळी मंडळाचे सेक्रेटरी चिंतामणी पहिल्या मजल्यावरून वर आले. बेस्टमधून निवृत्त झालेला माणूस, तोंडाला रुमाल, हातात फाईल. चाळ सील झाली, जग बुडालं, तरी चिंतामणींची फाईल सुटली नव्हती. सहा फुटांवर स्टूल ठेवून ते बसले.

"काकी, गावाहून सरपंचाचा फोन आला होता. रघुवीरचा."

तुळसाच्या हातातलं सूप थांबलं. "काय म्हणता?"

"पंचायत पार कोरडी पडली आहे म्हणतो. घरपट्टी-पाणीपट्टी आपण मे महिन्यात जाऊन भरतो, ती यंदा नाही. वरून येणारे पैसे गटारांसाठी आणि गटारांनाच, दुसरीकडे वळवता येत नाहीत. आणि शाळेत एकसष्ट माणसं चौदा दिवस ठेवलीत. आपलीच, मुंबईहून गेलेली. त्यांना खायला घालायचं कशातून? तेव्हा देवळाच्या कामासाठी मंडळानं जमवलेले चार लाख तिकडे पाठवा, असं म्हणतो."

"सगळे?" मोरीतून शैला बाहेर आली. "आणि इथल्यांचं काय? नऊ जण आहेत बाजूला. खिचडी बंद झाली."

"इथं काकी आहेत ना!" चिंतामणी हसले. रुमालाआडूनही ते हसू कळलं. "अगं, संपात कुठला निधी होता? दीड वर्ष काकींनी एकेका माणसाला जेवू घातलं. एकाला उपाशी ठेवलं नाही. मंडळाच्या अहवालात दर वर्षी छापतो आपण. उगाच साडी-नारळ देतो का? आणि समजा इथं थोडं ठेवायचं ठरलंच, तर नियमानं ते तांबळवाडीच्याच माणसांना मिळणार. बाहेरच्याला नाही. उद्या चार वाजता फोनवर मिटिंग आहे, तुम्ही दोन शब्द बोला. तुमचं ऐकतात सगळे."

गावकीच्या खोलीची भिंत म्हणजे फळ्यांचं पार्टिशन. पलीकडे कुणी पान थुंकलं तरी अलीकडे कळायचं. पलीकडे त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला तुळसा दारात उभी राहिली. महिनाभर सगळे चोवीस तास घरातच, त्यामुळे सदरे रोज नऊ. मोजायचं म्हणून ती मोजत होती. त्या दिवशी आठ भरले.

तिनं पुन्हा मोजले. खिडकीपासूनची पाचवी खुंटी रिकामी होती. आणि तिच्या बरोब्बर खाली, भिंतीला पाठ लावून, रामू गंजीफ्रॉकावर बसला होता.

रामू तांबळवाडीचा नव्हता. खोलीतल्या एकाचा मेव्हणा, वेंगुर्ल्याकडचा. शिवडीला गोदामात हमाली करायचा, तीन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं सदरा नेमका पाचव्या खुंटीला लावला. एरवी त्या खुंटीला तुळसा कुणालाच सदरा लावू देत नसे. सैल आहे, पडेल, असं सांगायची. ती काही सैल नव्हती. रामूनं लावलेला सदरा मात्र तिनं काढायला सांगितला नाही.

"रामू," ती म्हणाली.

"मावशी, मला नका धरू आजपासून." रामूनं वर पाहिलं नाही. बायकोनं हिंदमाताच्या बाजारात घेऊन दिलेला त्याचा चौकड्याचा सदरा बाजूच्या पेटीतून थोडासा बाहेर आला होता, तो त्यानं पायानं आत सरकवला. "खाली एक दोस्त आहे आपला, तो देतो मला. बाहेरच खातो मी. टेन्शन नका घेऊ."

बाहेर. बांबू बांधलेल्या चाळीत कसलं बाहेर! तुळसाच्या तोंडात एक शब्द आला. जिभेच्या टोकापर्यंत आला आणि तिथं अडकला. ती चौकटीला धरून उभी राहिली. मग परत आली आणि चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, खाली बसली.

तो शब्द तिनं अडतीस वर्षांपूर्वी उच्चारला होता.

संपाचा तो दहावा महिना. तीस खुंट्यांतल्या अठरा माणसांनी गाव गाठलं होतं, बारा उरले होते. तुळसाचा नवरा महादेव सकाळी मोर्चाला जायचा आणि संध्याकाळी तोंड लपवून यायचा. वाण्यानं उधारी बंद केली होती. तिनं आधी पाटल्या विकल्या, मग तांब्याची घागर. पुढं विकायला काही नव्हतं. बारा बाप्ये, दोन पोरं, नवराबायको. ती पेज पातळ करायची आणि वाढताना डाव वरवरून फिरवायची, म्हणजे सगळ्यांना सारखंच पाणी.

त्या बारांत दत्ताराम होता. पाचव्या खुंटीचा. बत्तीस वर्षांचा उंच, वाकून चालणारा माणूस. गावी बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. खानावळीची सर्वांत जास्त बाकी त्याची होती. ती त्याला कधी बोलली नव्हती, पण वाढताना त्याच्या पानाशी तिचा हात जरा लवकर उठायचा. त्याला ते कळत होतं.

एका सकाळी ती दारात आली तेव्हा तो खुंटीवरून सदरा काढत होता. निळा, गिरणीच्याच कापडाचा, खांद्यावर ठिगळ. काढून त्यानं घडी घातली, पेटीत ठेवला. ती बघत असल्याचं त्यानं पाहिलं.

"वयनी, आजपासून माका धरू नको. मी भायर जेवतंय."

त्या दिवसांत बाहेर कुणी कुणाला जेवू घालत नव्हतं. हे त्याला माहीत होतं आणि तिलाही. तिनं त्याच्या गळ्याकडे पाहिलं. तिथं हाडांमध्ये दोन खळगे पडले होते. आणि तिला काय वाटलं असेल? तिला हायसं वाटलं. एका माणसाचा तांदूळ वाचला, असं तिच्या मनात आलं.

"बरां," ती म्हणाली.

सतरा दिवस तिनं अकराच पानं वाढली. दत्ताराम सकाळी शिवडीला गोदामांच्या दारात काम मागत बसायचा आणि दुपारी परतून भिंतीकडे तोंड करून पडायचा. बाकीचे जेवत तेव्हा तो झोपलेला असायचा. म्हणजे, डोळे मिटलेला. सतराव्या दिवशी तो जिन्यात कोसळला. डोळे पिवळे झाले होते. कावीळ म्हणाले सगळे, आणि तिनंही कावीळच म्हटलं. चाळीनं वर्गणी काढून त्याला एसटीत बसवलं. शिमग्याच्या आत तो गेला.

मग त्याच्या बायकोचं कार्ड आलं. दत्तारामनं संपात गावी लिहिलं होतं म्हणे, की काळजी करू नको, तुळसावयनी पोटभर घालते. त्याच्या त्या पत्रावरून ही गोष्ट गावभर झाली आणि गावातून मंडळात, आणि मंडळाच्या अहवालात ते छापून आलं. पहिल्या वर्षीची साडी तुळसानं पेटीच्या तळाशी टाकली. पुढं पुढं नेसूही लागली. दर मे महिन्यात दत्तारामचा मुलगा रघुवीर गावाहून सोलांची पिशवी आणि कोकमाच्या आगळाची बाटली पाठवायचा, आधी आईच्या सांगण्यावरून, मग स्वतःहून. ती सगळी सोलकढी तुळसानं खोलीतल्या माणसांना पाजली. स्वतः एक घोट कधी घेतला नाही. शैला विचारायची, तर म्हणायची, आंबट सोसत नाही.

रामूनं सदरा काढला त्या दुपारी तिनं नऊ ताटं वाढून खोलीच्या उंबऱ्यावर सरकवली. आठ आत गेली. नववं तसंच राहिलं. भाताला वरून साय आल्यासारखं झालं आणि आमटी कडेनं सुकली. चार वाजेपर्यंत ती ताटाकडे बघत बसली.

चारला चिंतामणी आले. शैलानं फोन स्टुलावर ठेवून आवाज मोठा केला. मंडळाची माणसं जिथं तिथं अडकलेली, कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला. सगळी एकदम बोलत होती. मग गावाहून रघुवीरचा आवाज आला आणि बाकीचे थांबले. दमलेला आवाज होता. पार्श्वभूमीला शाळेतली माणसं बादल्या आपटत होती.

"चिंतामणीकाका, दिवाबत्तीचा बिल भरूक पंचायतीकडे पैशे नाय असत. एकसष्ट माणसा असत हय. तेंका जेवाण व्हया, गाद्यो व्हयो, फवारणी व्हयी. मी खयसून हाडू? देऊळ रवान जायत चार वर्सां. देव काय रागावचो नाय."

"बरोबर आहे तुझं," चिंतामणी म्हणाले. "इथं तसं अडत नाही. संपाचं उदाहरण आहे आपल्यासमोर. काकी इथंच बसल्यात. काकी, बोला दोन शब्द."

शैलानं फोन तिच्याकडे वळवला. तुळसाला वाटलं, दोनच शब्द बोलावेत. पैसे पाठवा. मग चाळ आपलं आपण बघेल, अहवालात आणखी एक ओळ येईल आणि मरेपर्यंत तिचं नाव राहील. उंबऱ्यावर ताट होतं. पलीकडच्या खोलीत रामू होता, आणि तो ऐकत होता.

"रघुवीरा, मी तुळसाकाकी बोलतंय."

"बोला काकी! बऱ्या असात मां?" आवाजात एकदम ऊब आली. त्या उबेनंच ती मोडली.

"तुझ्या बापाशीची गजाल असा. संपात मी सगळ्यांक जेवूक घातलंय, ता खोटा. अकरा जणांक घातलंय. बारावो तुझो बापूस होतो."

चिंतामणी स्टुलावरून अर्धे उठले. "काकी, अहो..."

"तेना खुंटीवयलो सदरो काढल्यान. माका म्हणालो, भायर जेवतंय. तेका भायर कोण घालणारा नाय, ता माका म्हायत होता. तरी मी बरां म्हटलंय. सतरा दिवस तो हयच निजलेलो आणि मी तेच्यासमोर अकरा पानां वाढलंय. कावीळ मगे झाली, रे. आधी भूक होती."

फोनमध्ये बादल्यांचा आवाज येत राहिला. रघुवीरनं विचारलं, "घरात तांदूळ होतो?"

हाच प्रश्न ती अडतीस वर्षं चुकवत आली होती.

"होतो. थोडो होतो. एका माणसाक पुरात इतको होतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज हय एक सदरो खुंटीवरसून काढलेलो असा. माणूस आपल्या गावचो नाय. तेना काल चिंतामणीचा ऐकल्यान. पिंपात तांदूळ आठ दिवसांचो. माझ्या नावावर कोणाक उपाशी मारू नकात, इतक्याच माका सांगूचा होता."

फोन कट झाला. रेंज गेली की त्यानं ठेवला, कुणालाच कळलं नाही. चिंतामणींनी फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "अडतीस वर्षं छापतोय आपण," ते कुणालाही न उद्देशून म्हणाले आणि जिना उतरून गेले. शैला सासूकडे बघत राहिली. मग ती जवळ आली नाही की लांब गेली नाही. तिनं उंबऱ्यावरचं ताट उचललं, भात गरम केला आणि पुन्हा तुळसाच्या हातात दिला.

तुळसा ताट घेऊन गावकीच्या खोलीत गेली. इतक्या वर्षांत ती उंबऱ्याच्या आत गेली नव्हती; बाप्यांची खोली. सगळे आखडून बसले. तिनं ताट रामूपुढं ठेवलं, त्याच्या पेटीचं झाकण उचललं, चौकड्याचा सदरा बाहेर काढला आणि झटकून पाचव्या खुंटीला लावला. टाचा उंचावताना कमरेतून कळ गेली.

"सैल नाय ती," ती म्हणाली. "जेव."

रामू जेवला. बाकीच्यांनी भिंतीकडे तोंडं फिरवली.

पुढचे दोन दिवस फोन आला नाही. आजूबाजूच्या खोल्यांत कळायचं ते कळलं होतं. एरवी गॅलरीतून जाता-येता "काकी, चहा झाला?" म्हणणाऱ्या बायका मास्क वर ओढून जात होत्या. पहिल्या मजल्यावरच्या एकीनं तर ऐकू जाईल असं म्हटलं, "बापरे, आणि आम्ही पाया पडत होतो." तुळसानं ते ऐकलं. तिला वाईट वाटलं, पण पहाटे भोंगा ऐकू आला नाही. दुसऱ्या पहाटेही आला नाही.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला, ती खोलीच्या दारात सदरे मोजत असताना शैला फोन घेऊन आली. "गावाहून आहे. तुमच्यासाठी."

"पंचायतीत ठराव झालो," रघुवीर म्हणाला. काकी म्हणाला नाही. "दोन लाख हय पाठवा, दोन थय ठेवा. गावचो असो, नसो, चाळीत जो उपाशी असात तेका घाला. चिंतामणीकाकांक कागद पाठवलंय."

"बरा केलंस."

"आवशीक मी सांगूक नाय. ती अजून तुमचा नाव घेता." मग म्हणाला, "सदरो खयच्या रंगाचो होतो? माका बापूस आठवत नाय. फोटो पण नाय."

"निळो," तुळसा म्हणाली. "गिरणीच्या कापडाचो. उजव्या खांद्यार ठिगळ होता, काळ्या दोऱ्यान शिवलेला. दोरो तेना माझ्याकडसून मागून नेलेलो. उंच होतो तुझो बापूस. दारातून वाकान येय."

मग रघुवीरनं विचारलं,

"आज किती पानां?"

"नऊ."

"धा करा. आमी दर वर्साक तेच्या नावाचा पान काढतो नि कावळ्याक ठेवतो. तुम्ही कावळ्याक ठेवू नकात. माणसाक घाला. वर्साक नाय, रोज. तुमचो हात चलता तवसर." आणि मग, तितक्याच सपाट आवाजात, "माका परत फोन करू नकात."

तुळसानं फोन शैलाला दिला. आत जाऊन तिनं पिंपात हात घातला. मंडळाच्या पैशांतून तांदूळ यायला अजून दोन दिवस होते. तिनं नऊ जणांचा घेतला आणि दहाव्याचा वर घातला, सपाट नाही, शिगोशीग.

ताटं उंबऱ्यावर गेली. दहावं तिनं हातातच ठेवलं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. खालून फवारणीवाला चढत येत होता. पाठीवर पंप, अंगात प्लॅस्टिकचा कोट, कोटाच्या आत घामानं भिजलेला पंचविशीचा माणूस. ताट घेऊन उभी असलेली म्हातारी पाहून तो एका पायरीवर थांबला.

"जेवलंस?" तिनं विचारलं.

"हो, हो. बाहेरच जेवतो मी, मावशी."

तुळसानं त्याच्या गळ्याकडे पाहिलं.

"भायर कोण घालता तुका?" ती म्हणाली. "पंप उतरव. बस हय."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग पंप उतरवला, कोट सोडला, हात धुतले आणि पायरीवर बसून ताट मांडीवर घेतलं. तो भराभरा जेवला. तुळसा वरच्या पायरीवर भिंतीला धरून, तो जेवेपर्यंत उभी राहिली. ताटातला भात संपला तेव्हा तिनं आणखी हवा का म्हणून विचारलं. त्यानं मान वर न करताच ताट पुढं केलं.